साहेब आणि पोरगं

चष्मेवाल्यांचं दुकान आणि शेजारचं सलून यांच्यामध्ये एक पातळ भिंत होती. त्या भिंतीआडून तीस वर्षं दोघं मालक भांडले, आणि तेही फक्त सिनेमावरून.

चष्मेवाले नट पारखायचे डोळ्यांवरून, सलूनवाले केसांवरून.

"साहेब नुसते वळून बघायचे, अख्खं थिएटर गार!" काच घासता घासता चष्मेवाले ओरडायचे. साहेब म्हणजे त्यांचा जुना, लाडका नट.

पलीकडची कात्री थांबायची. "तुझ्या साहेबांना नदीतून बाहेर काढलं तरी भांग जागच्या जागी! आमचं पोरगं बघ. रडायला लागलं की नाक गळेस्तोवर रडतं." पोरगं म्हणजे हल्लीचा हिरो. तोवर खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी ताटकळत बसायचं.

मग सलूनवाल्यांचा हात थरथरायला लागला आणि मुलगा त्यांना आपल्या गावी घेऊन गेला. सलून एका तरुण कारागिराने घेतलं. हात चांगला, स्वभावही चांगला. पण चष्मेवाले काही म्हणाले की याचं उत्तर ठरलेलं. "अगदी बरोबर, काका."

एकदा केस कापून घेताना चष्मेवाल्यांनी मुद्दाम खडा टाकून पाहिला. "साहेब म्हणजे तसे लाकडाचा ओंडकाच."

"अगदी बरोबर, काका. ओंडकाच."

त्या दिवशी ते मान झटकून घ्यायलाही न थांबता दुकानात परतले. शर्टात केस दिवसभर टोचत राहिले. बायको वारून सहा वर्षं झाली होती. घरी तर चुकीचं बोलायलाही कुणी नव्हतं.

शेवटी एका दुपारी दुकान बंद करून ते त्या ‘पोरग्या’चा नवा सिनेमा बघायला गेले. चार चुका काढू आणि फोनवर सलूनवाल्यांना चांगलं सोलून काढू, असा बेत. थिएटरात इनमिन अकरा माणसं. पडद्यावर पोरगं रिकाम्या घरात आलं, दिवा लावला आणि नुसतं उभं राहिलं. ना संवाद, ना रडणं. फक्त डोळे. चष्मेवाल्यांना आपला चष्मा दोनदा पुसावा लागला. "बघितलंस?" म्हणत ते डावीकडे, सलूनवाल्यांच्या नेहमीच्या जागेकडे वळले, तर खुर्चीवर कुणाची तरी पिशवी.

बाहेर पडताच त्यांनी फोन लावला.

"ऐक, एकदाच सांगतो. तुझं पोरगं काम बरं करतं."

आता हा डोक्यावर बसणार, म्हणून त्यांनी फोन कानापासून जरा लांब धरला.

"छे रे," सलूनवाले म्हणाले. "साहेबांची सर कुणाला? तुझंच खरं होतं."

"तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत. इथे नातवंडं लावतील ते बघतो. छान आहे म्हटलं की सगळे खूश. सवय झालीय आता."

तीस वर्षांत हा माणूस कधी हरला नव्हता, आणि आज न भांडताच हरला.

"रविवारी येतोय तिकडे," ते म्हणाले. "दुपारचा खेळ बघू. आणि मध्यंतरात साहेबांचं कौतुक केलंस ना, तर तुला तिथेच टाकून निघून येईन."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"मध्यंतरात मी बोलतच नाही," सलूनवाले म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. बडबड तुझी असते."

"साफ खोटं," चष्मेवाले म्हणाले, हाही आता ‘अगदी बरोबर’ म्हणतो की काय अशा धास्तीने, जरा भीत भीतच, आणि फोन कानाशी घट्ट धरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले.