गाडीतून पाहिलेला रस्ता

सगळ्यांना निर्धास्त पायी चालता यावं म्हणून राज्यभर मोहीम निघाली, तेव्हा शहरातल्या बावीस रस्त्यांची पाहणी एका इंजिनिअरच्या वाट्याला आली. प्रत्येक रस्ता स्वतः चालून फॉर्म भरायचा, असा नियम होता. एकवीस रस्ते त्याने इमानेइतबारे पायाखाली घातले. बाविसावा, दवाखान्याकडे जाणारा, तेवढा राहिला. त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं आणि मुदत संपत आली होती. त्याने गाडीतूनच चक्कर मारली. फुटपाथवर चढायला उतार आहे? होय. फुटपाथ मोकळा आहे? होय. सही ठोकली.

उद्घाटनाच्या पदयात्रेसाठी त्याच्या कार्यालयातल्या वरिष्ठ बाईंनी नेमका तोच रस्ता निवडला. त्याने मान हलवून होकार दिला.

त्याला लहानाचं मोठं करणारी मावशी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वॉकर घेऊन चालायची. "भाच्याचा रस्ता आहे, मी येणारच," म्हणाली आणि तीसचाळीस माणसांच्या पुढे निघाली.

निम्म्या वाटेवर फुटपाथच्या मधोमध विजेची मोठी पेटी उभी होती. बाजूला जेमतेम हातभर जागा. वॉकर त्यात शिरेना. मावशी खाली रस्त्यावर उतरायला गेली, वॉकरचा पाय कडेवरून घसरला आणि ती धपकन बसली. कोपर सोलून निघालं. मागून येणाऱ्या बसने करकचून ब्रेक लावला.

"पाहणी कोणी केली होती?" वरिष्ठ बाईंनी विचारलं.

तो तोंड उघडणार, तोच मावशी खालूनच म्हणाली, "अहो, पेटी नंतर बसवली असेल. आमचा पोरगा डोळ्यांत तेल घालून काम करतो."

पेटीला गंज चढला होता. तिच्यावर जुन्या जाहिरातींचे थरावर थर होते. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"हो, नंतरच बसवली असेल," तो म्हणाला.

दवाखान्यात नर्स कोपर पुसता पुसता सहज म्हणाली, "ती पेटी होय? दहा वर्षं मी तिथे रस्त्यावर उतरूनच येते."

नर्स बाहेर गेल्यावर मावशीने विचारलं, "तू चालला होतास ना रे तिथून?"

"गाडीतून गेलो होतो."

"म्हणजे चारचौघांत मी खोटं बोलले."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती कोपरावरच्या पट्टीकडे बघत बसली. त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तो तसाच उठला, बाहेर थांबलेल्या वरिष्ठ बाईंकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं.

पाहणी त्याच्याकडून काढून घेतली. नव्या माणसाने बावीसच्या बावीस रस्ते पुन्हा चालायचे ठरले. त्याच्या एकाही फॉर्मवर आता कोणाचा भरवसा नव्हता. त्याला मदतनीस म्हणून मोजफितीचं दुसरं टोक धरायला पाठवलं. कार्यालयात लोक त्याला पाहून बोलणं बदलायचे.

चार महिन्यांनी पेटी हलली. तो मावशीला सांगायला गेला.

"बरं झालं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि बाकीचे एकवीस?"

"ते खरंच चाललो होतो, मावशी."

"असेल," ती म्हणाली आणि चहा ठेवायला वॉकर घेऊन आत गेली.