यंत्राशेजारची खुर्ची

"ह्या गड्याला कसं मरण आलं, तेवढं इचारा की त्याला," घाटनांदूरच्या छबुबाई वीरगळाच्या दगडाकडे बोट दाखवत म्हणाल्या.

माणिकरावांनी घसा खाकरला, खुर्ची पुढे ओढली आणि साहेबांपुढं अर्ज वाचावा तसं शेजारच्या बोलत्या यंत्राला विचारलं, "या योद्ध्याचा मृत्यू कसा झाला?"

यंत्र गोड आवाजात बोललं. चोरांनी पळवलेली गुरं सोडवताना तो मारला गेला असावा. त्याचं नाव दगडावर कोरलेलं नाही.

"म्हंजे बाई, गुरं सोडवाया गेलता, तितंच पडला. नाव न्हाई घातलेलं."

"आगं माय! मग बायकूनं कुनाचं नाव घेऊन रडायचं?"

हा प्रश्न माणिकरावांनी पुढे पाठवला नाही. असले प्रश्न ते स्वतःकडेच ठेवून घेत. "तिला तर ठाव आसंल की," ते म्हणाले. मग बोलण्यात गाव निघालं, सोयरीक निघाली, आणि छबुबाई तासभर तिथंच बसल्या.

अंबाजोगाईच्या त्या छोट्या संग्रहालयात बोलतं यंत्र आलं, तेव्हा त्याला पुस्तकी मराठी कळे, माणसांची कळत नसे. 'का'ऐवजी कुणी 'कावून' म्हटलं की ते बिचारं माफी मागे. म्हणून संग्रहालयाच्या प्रमुख ज्योत्स्ना मॅडमनी शिपाई माणिकरावांना त्याच्या शेजारी बसवलं. खुर्ची काय मिळाली, गड्याचं नशीब उघडलं! बायको वनमाला गेल्यापासून घरात बोलायला चिटपाखरू नव्हतं, मूलबाळही नाही. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी पहिला शब्द घोगराच निघायचा. इथं मात्र दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. एका प्रश्नाचे तीन करून ते माणसं धरून ठेवत. लबाडीच ती, पण कुणाचं काय जात होतं?

एके दिवशी मॅडम हसत आल्या. "काका, सुटलात तुम्ही! यंत्राला आता आपल्याकडचं बोलणं कळतं. उद्यापासून दारात चपला सांभाळा."

"लई बेस झालं," माणिकराव म्हणाले. मग यंत्राशेजारची खुर्ची उगाच फडक्यानं पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी परळीचं एक कुटुंब आलं. माणिकराव दारातून आत डोकावत राहिले. "ह्याचं तोंड कावून फुटलंय रं?" म्हातारीनं एका मूर्तीपाशी विचारलं. यंत्र न अडखळता सांगत गेलं. म्हातारी खूश. मग चपला पायात सारून मंडळी निघून गेली. माणिकरावांकडं कुणी पाहिलंही नाही, आणि का पाहावं? आपापल्या चपला सगळ्यांनाच ओळखू येतात.

संध्याकाळी दारं लावायच्या आधी ते यंत्रासमोर उभे राहिले.

"नमस्कार. विचारा, मी ऐकत आहे."

इतके महिने त्यांनी लोकांचेच प्रश्न विचारले होते. स्वतःचा असा एकही नव्हता. दगडांबद्दल तर त्यांना काहीच विचारायचं नव्हतं. पण घरी जायचं जिवावर आलं होतं.

"आज जेवाया काय करू?"

"मी फक्त या संग्रहालयातील वस्तूंची माहिती देऊ शकतो. आणखी काही विचारायचं आहे का?"

माणिकरावांनी मान हलवली. मग यंत्राला मान दिसत नसेल असं वाटून मोठ्यानं म्हणाले, "न्हाई न्हाई. ऱ्हाऊ दे. करतो कायबी."