फोटो टेबलावरच राहील

पाळ्या लावणाऱ्या साहेबा, चोर आहेस तू. एका माणसाचे दिवस उचलून तू दुसऱ्याला दिलेस आणि वर त्याबद्दल टाळ्या घेतल्यास.

टाळ्या वाजल्या तेव्हा त्या माणसाची बायको तिसऱ्या रांगेत बसली होती. पण टाळ्यांवर नंतर येऊ. आधी सभा काय होती ते.

पाणीखात्याच्या क्वार्टर्सचं सभागृह. पत्र्याच्या खुर्च्या, कुरकुरणारा पंखा, आणि पुढे टेबलावर वर्षभरात गेलेल्यांचे फोटो. दरवर्षी हे असंच चालायचं. एक फोटो पुढे घ्यायचा, ज्याच्याकडे त्या माणसाची आठवण असेल त्याने उठून सांगायची. लोक बोलताहेत तोवर फोटो टेबलावर. बोलणं आटलं की सेक्रेटरी विचारणार, "आणखी कोणी?" तीनदा विचारूनही कुणी उठलं नाही, की तो स्टुलावर चढून फोटो भिंतीवरच्या खिळ्याला लावणार. एकदा भिंतीवर गेलेल्या माणसाचा विषय पुन्हा काढायचा नाही, असा क्वार्टर्सचा नेम होता.

या वर्षी दोघेच होते आणि दोघंही पंपहाऊसवरचे. एक, सगळी क्वार्टर्स ज्यांना मामा म्हणायची ते, दुसरा तिचा नवरा.

मामांचा फोटो मघापासून टेबलावर होता आणि हलायचं नाव घेत नव्हता. एक उठला की दुसरा हात वर. मीटर बघणारा सांगत होता, "मामा व्हॉल्व्ह उघडायला गल्लीत आले की आधी आमच्या म्हातारीला हाक. आजी, आज पाण्यात साखर टाकलीय, तुमच्यापुरतीच, कुणाला बोलू नका! आणि आमची म्हातारी खरंच चाखून बघायची हो!"

सगळं सभागृह हसलं आणि हसता हसता रडलं. पहिल्या रांगेत मामी पदराने डोळे टिपत होत्या. दोन बायका त्यांची पाठ चोळत होत्या, तिसरी पाण्याचा ग्लास घेऊन उभी.

ती मात्र हसली नाही. साखर कसली? ती टाकी रात्रभर जागून कुणी भरली? गाव झोपलं की विजेच्या लाइनीला दाब येतो, पंप तेव्हाच चालतात. रात्री नवरा टाकी भरायचा, सकाळी मामा चावी फिरवायचे आणि दुपारपर्यंत मोकळे व्हायचे. लोकांनी आयुष्यभर चावी फिरवणाऱ्याला हात जोडले. भरणाऱ्याला काय दिलं, तर नाव: घुबड.

"घुबड गेलं का कामावर?" "घुबड उठलं का?" तोंडावर कुणी बोलायचं नाही, पण पोरं खेळताना बोलायची, आणि पोरं घरातूनच शिकतात.

ती मामींकडे बघत राहिली. या बाईचं सगळं तिच्या डोळ्यांत खुपायचं, आणि आजचं नव्हे. संध्याकाळी मामा-मामी बाजारात जायचे, पिशवी मामांच्या हातात. तिच्या घरी त्याच वेळी नवरा डबा घेऊन बाहेर पडत असायचा. ती इस्पितळाच्या धुलाईखात्यात, सकाळी निघणार. तो त्याच सुमारास येणार. ती उठायची त्याच जागेवर तो आडवा व्हायचा. इतक्या वर्षांत त्यांची गादी कधी गार झाली नव्हती, पण गादीवर दोघं एका वेळी किती निजले, ते विचारू नका. आता मात्र ती संध्याकाळी घरी येऊन गादीला हात लावते. गार असते.

आणि आता या बाईला रडूसुद्धा भरपूर. रडायला माणूस डोळ्यांसमोर वावरलेला लागतो. तिला नवऱ्याच्या सुतकात रडू आलं नाही, तेव्हा मामीच तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "रडून घे गं बाई, मोकळी हो." तो हात तिने झटकला होता. मामा जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

"मी बोलू?" शेजारून आवाज आला. तिची लेक उठली होती. सासरहून खास बाबांसाठी आलेली लेक.

"अगं, बाबांचा फोटो अजून यायचाय," ती कुजबुजली.

"माहितीय आई," लेक म्हणाली आणि लोकांकडे वळली. "मला सायकल मामांनी शिकवली. बाबा झोपलेले असायचे ना. मामा मागे धरून पळायचे आणि ओरडायचे, ब्रेक दाब, ब्रेक! मी दाबला आणि मामाच माझ्या डोक्यावरून पुढे पडले." पुन्हा हशा. लेक मामांच्या फोटोकडे वळली. "वडिलांसारखेच होते मला."

ती खाली बघत बसली. वडिलांसारखेच! आणि वडील कुठे होते? भिंतीपलीकडे, खिडकीला चादर लावून, कुशीवर. आणि सुटीच्या दिवशी पोरीच्या तोंडावर हात ठेवून "श्श, बाबा झोपलेत" कोण म्हणायचं? तीच. पोर घरात हसली तरी तिने तिला अंगणात हाकललं होतं. अंगणात मामा होते.

तिला आणखी एक आठवलं आणि ते तिला मुळीच नको होतं. हीच लेक पोटात होती, भर दुपारी कळा सुरू झाल्या. नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून तिने खिडकीतून हाक मारली ती मामांना. मामांनी रिक्षा आणली. मेल्या माणसा, माझ्या डोक्यातही तूच जागा अडवून बसलास?

आणि मग, साहेबा, तू उठलास. निवृत्त झालास तरी तुला पहिल्या रांगेत गादीची खुर्ची. कोट सारखा केलास, घसा साफ केलास.

"मामा म्हणजे खात्याचा चेहरा," तू म्हणालास. "तुम्हाला एक गुपित सांगतो. नियमाने पाळी दर आठवड्याला बदलायची. पण मामा रातपाळीला गेले की माझ्याकडे लोकांची रांग. तो दुसरा माणूस बोलतच नाही, हसत नाही. म्हणून मीच एक दिवस ठरवलं, मामा कायम दिवसपाळीला! लोकांची गैरसोय नको. आज मला त्या निर्णयाचा अभिमान वाटतो."

टाळ्या पडल्या. त्याच या टाळ्या.

तिने वाजवल्या नाहीत. तिचे हात मांडीवर तसेच राहिले, धुऊन धुऊन पांढरे पडलेले. तिने नवऱ्याला एकदा विचारलं होतं, मामांना बरी कायम दिवसपाळी? तो कुशीवर वळून म्हणाला होता, "माझी वेळच तशी आहे." तिला वाटलं होतं, त्यालाच रात्र आवडते. चार माणसांत यायला नको म्हणून. त्या रागात तिने कितीतरी दिवस त्याच्या डब्यात नुसती भाजी कोंबली होती, एक शब्द न बोलता.

मामांचा फोटो अखेर भिंतीवर गेला. खिळा आधीच मधोमध ठोकून ठेवला होता. तिच्या नवऱ्याचा खिळा दाराजवळ, दार उघडलं की फोटो झाकला जाईल असा.

सेक्रेटरीने दुसरा फोटो पुढे घेतला. ओळखपत्रावरून मोठा केलेला. ओळखपत्राचे फोटो दुपारी काढत, म्हणून डोळे अर्धे मिटलेले. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"शांत स्वभावाचे होते," सेक्रेटरी म्हणाला. "कुणाला त्यांचा कधी त्रास नव्हता." त्याने लोकांकडे पाहिलं. लोक खुर्च्या सरकवत होते, बाहेर चहाची भांडी वाजत होती. "आणखी कोणी?"

मीटर बघणारा घड्याळ बघत होता.

"आणखी कोणी?"

लेकीने आईचा हात दाबला. "आई, मला काही आठवतच नाहीये गं," लेक रडवेली झाली. "एवढंच आठवतं की ते झोपलेत."

"आणखी..."

"थांबा," ती म्हणाली आणि उठली. सेक्रेटरी एव्हाना फोटो घेऊन स्टुलावर चढला होता. ती सरळ पुढे गेली. "खाली ठेवा तो."

"काकू, बोला ना, तुमचाच हक्क. मी हातात धरतो."

"टेबलावर ठेवा. नेम नेम असतो."

त्याने ठेवला. तिने फोटो सरळ केला. सगळे आठवणीची वाट बघायला लागले. मामींनी पदर आधीच डोळ्यांशी नेला.

"माझ्याकडे आठवण नाही," ती म्हणाली. "मला विचारायचंय. साहेब, मामा दिवसा राहिले, तेव्हा त्यांच्या रात्री कुणाच्या अंगावर टाकल्यात?"

तू हसलास. "वहिनी, ती कामाची सोय होती. तुमचे मिस्टर खूप समंजस. एकदाही तक्रार केली नाही त्यांनी."

"कधी करणार? तुम्ही ऑफिसात यायचात तेव्हा ते झोपलेले असायचे."

कुणी हसलं नाही.

"जाऊ दे गं," मामी मागून म्हणाल्या. "दोघंही गेले आता. कशाला जिवाला लावून घेतेस?"

"तुम्हाला जाऊ द्यायला पुष्कळ आहे, मामी." ती वळली. "तुम्हाला बाजार मिळाला, संध्याकाळ मिळाली, माझ्या पोरीची सायकलसुद्धा तुमच्याच घरात गेली. जळते मी तुमच्यावर. आज लोकांसमोर सांगते. मामा हयात होते तेव्हाही जळायची, आणि तुमच्या रडण्यावरही जळते."

मामींनी पदर खाली घेतला. त्या हळूच म्हणाल्या, "मला वाटायचं, भाऊजींनीच मागून घेतली रातपाळी. आमचे हेच सांगायचे."

"मलाही तेच वाटायचं," ती म्हणाली. तिचा आवाज एकाएकी खाली आला. "मी त्यांच्याशी अबोला धरला होता त्यावरून."

सेक्रेटरी घुटमळला. "काकू, चहा गार होतोय. संपवू या?" त्याने फोटोकडे हात नेला.

तिने फोटोच्या चौकटीवर तळहात ठेवला. मग स्टूल ओढलं आणि टेबलाला लागून त्याच्यावर बसली. आता सेक्रेटरीला खिळ्यापर्यंत चढायला स्टूल उरलं नव्हतं. लेक उठून आली आणि आईच्या पाठीशी उभी राहिली.

"बोलणं चालू आहे तोवर फोटो टेबलावर," ती म्हणाली. "आणि माझं बोलणं चालू आहे. साहेब, एकच सांगा. त्यांना रात्र देण्याआधी तुम्ही त्यांना विचारलं होतं का?"

तू कोटाचं बटण चाचपलंस, दाराकडे पाहिलंस. दारात लोक उभे होते, चहा न घेता.

"हो किंवा नाही," ती म्हणाली. "विचारलं होतं का?"