छत्तीसचे त्रेसष्ट

मित्रांनो, टेप म्हटले की कुणाला गाणी आठवतात, कुणाला चिकटपट्टी. मी त्यांतली नव्हे. एका शिंप्याच्या गळ्यात वर्षानुवर्षे लोंबलेली मी मापाची टेप आहे. माझा पिवळा रंग आता मळून गेला आहे आणि एका टोकाची पितळी पट्टी कधीच निखळून पडली आहे. तरी मापाला मी अजून चोख आहे.

कारखान्यात माझ्या दोन्ही बाजूंवर आकडे छापले गेले. एका बाजूला साठ इंच, दुसऱ्या बाजूला दीडशे सेंटीमीटर. मला वाटले, दोन्हींना सारखाच मान मिळेल. पण आमच्या शिंप्याचे सारे आयुष्य इंचांत गेले. छाती अडतीस, बाही नऊ, उंची बेचाळीस! माझ्या मागच्या बाजूकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही.

दुकान लहान होते, पण गिऱ्हाइकांची रीघ असे. शिंप्याच्या हाताचे लोक कौतुक करत आणि त्याच्या गळ्यात मीही मिरवून घेई. त्याची एकुलती एक लेक मशीनखाली बसून मला बाहुलीभोवती गुंडाळायची. तिचे शाळेचे कपडे तो वाढत्या अंगाचे शिवायचा आणि खाली आडव्या दुमडी घालून ठेवायचा. वर्षाला एक दुमड उसवली, की तोच कपडा पुन्हा पुरायचा.

ती लेक शिकली, दूर देशी गेली आणि स्पॅनिश बोलणाऱ्या एका सुताराशी तिने लग्न केले. बापाला कळवले ते लग्न झाल्यावर. झाले! तेव्हापासून दोघांत छत्तीसचा आकडा. ३६ लिहून पाहा. तीन आणि सहा जसे एकमेकांकडे पाठ करून बसतात, तसे बापलेक बसले. पुढे तयार कपड्यांची दुकाने झाली, शिंप्याची नजर मंदावली आणि मी खणात तुटक्या गुंड्यांच्या सोबतीला गेले. तिथे फार एकटे वाटे.

दर रविवारी शिंपीण लेकीशी व्हिडिओ फोनवर बोलत असे. शिंपी तेवढ्यापुरता आतल्या खोलीत जाई, पण सहा वर्षांच्या नातीला पाहायला दारातून त्याची मान मात्र लांब होई. नातीला मराठीचा गंध नव्हता आणि आजोबांना स्पॅनिशचा.

“पोरीला एक नाडीचा स्कर्ट शिवावा म्हणतो,” तो एकदा म्हणाला.

“मग लेकीला माप विचारा की.”

“तिला कशाला? मी पोरीलाच विचारणार.”

“कुठल्या भाषेत? शिट्टी वाजवून?”

हे त्याला चांगलेच झोंबले. त्याने मला खणातून काढले आणि, मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा उलटी करून मेजावर पसरले! नातीच्या घरची टेप सेंटीमीटरचीच होती. दर रविवारी ती तिकडे एकेक आकडा म्हणायची आणि तो इकडे माझ्यावर बोट ठेवायचा.

“उनो,” नात म्हणाली.

“उणं! बरोबर आहे, एकटं माणूस उणंच,” आजोबा म्हणाले. “दोस, त्रेस हे तर आपले भाऊबंद. ओचो म्हणजे आठ, साडीचा ओचा लक्षात ठेवायचा. आणि नुएवे म्हणजे आपले नऊच की, शेपूट लावलेले!”

विसाच्या पुढे मात्र त्याची दमछाक झाली. “आपण त्रेसष्ट म्हणतो, म्हणजे तिनाला आधी हाक मारतो, मग साठाला,” तो शिंपिणीला समजावी. “हे लोक थोरल्याला आधी बोलावतात. आणि एकोणतीसला म्हणे वीस नि नऊ! तिसाला एक कमी, असं त्यांच्यात नसतंच.” एवढे बोलून तो मला गुंडाळू लागला. त्याच्या घरात एक माणूस कमी होते, हे मला ठाऊक होते.

तीन महिन्यांनी मापाचा रविवार आला. नातीने कमरेपासून गुडघ्यापर्यंत टेप धरली आणि ती ओरडली, “त्रेइन्ता ई सेइस!” म्हणजे तीस आणि सहा. पण आनंदाच्या भरात म्हाताऱ्याच्या कानाने आधीचा ‘त्रे’ आणि नंतरचा ‘से’ तेवढा उचलला आणि जुन्या सवयीने त्यांचे केले त्रेसष्ट. कापडावर त्याने खडूने ६३ लिहिले. मला सारे कळत होते, पण टेपेला तोंड कुठे असते?

महिन्याभराने लेक लग्नानंतर पहिल्यांदाच घरी आली, नातीला घेऊन. स्कर्ट घातला, तर तो थेट घोट्यापर्यंत! नात दोन पावले चालली आणि पायात अडकून पडली. शिंपी खुर्चीत मटकन बसला.

“पोरीनं सांगितलेलं एक माप मला धड ऐकता आलं नाही,” तो पुटपुटला. “तीन महिने घोकलं ते सगळं पाण्यात गेलं.”

लेक दारातच उभी होती. ती आत आली, मला उचलून गुडघ्यांवर बसली आणि स्कर्ट मोजू लागली.

“बाबा, तिनं छत्तीस सांगितलं होतं,” ती हळूच म्हणाली. “पण कापू नका. वाढतं अंग आहे. दुमडी घाला.”

त्याने मेजावरून सुई-दोरा उचलून तिच्यापुढे धरला. मग म्हणाला, “सुईत दोरा तूच ओव. मला दिसत नाही आता.”

लग्नानंतर तो तिच्याशी बोललेले हे पहिले वाक्य.

सत्तावीस सेंटीमीटर जास्त होते. तीन-तीनच्या नऊ दुमडी बसल्या. प्रत्येक दुमडीला नात मोजायची आणि आजोबा मागून म्हणायचे. उनोपासून नुएवेपर्यंत एकही चूक झाली नाही.

त्यानंतर नातीच्या प्रत्येक वाढदिवसाला एक दुमड उसवली गेली. रविवारी लेक फोनवर आली, तरी आजोबा आतल्या खोलीत जाईनासे झाले. फोन ते आधी घेत आणि शिंपिणीला शेवटी देत. परवा नात पंधरा वर्षांची झाली. या वेळी ती इथेच होती. शेवटची दुमड आजोबांसमोर उसवली आणि स्कर्ट बरोबर गुडघ्यावर आला. तिने मला लावून मोजले. आता ती मराठी शिकते आहे.

“सहा आणि तीन... छत्तीस, आजोबा!”

आजोबा हसता हसता रडले. “त्रेसष्ट गं बाई, त्रेसष्ट! अगदी माझ्यावर गेलीस.”

मग लेकीने नातीचा हात धरून मेजावर खडूने ६३ लिहून दाखवले. सहा आणि तीन एकमेकांकडे तोंड करून बसलेले.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी, किंवा कुणाशी कायमचा अबोला धरण्याआधी, एकदा दुसरी बाजू पाहून घ्या. मी आता या घरात उलटीच पसरलेली असते. मला तीच बाजू सुलट वाटते.