लव्हेंडरचे तीन थेंब

उदयला वास येईनासा होऊन पाच महिने झाले होते आणि ही गोष्ट त्याने बायकोला सांगितली नव्हती.

जानेवारीत त्याला सणकून ताप आला होता. चार दिवसांत ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. फोडणीचा नाही, साबणाचा नाही, मेट्रोत खेटून उभ्या असलेल्या माणसाच्या घामाचाही नाही. येईल आठवड्याभरात, असं त्याला वाटलं. आठवड्याचा महिना झाला. सांगायचं तर सुजाताला, आणि त्या दिवसांत सुजाताचंच काही ठीक चाललं नव्हतं. पुण्यातली शाळेची नोकरी सोडून ती त्याच्यामागोमाग हैदराबादला आली होती. नल्लकुंट्यातल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात पाच वर्षं गेली, तेलुगू काही जिभेवर बसलं नाही, इथल्या दोन शाळांनी नाही म्हटलं. दुपारी उदयने फोन केला की ती झोपेतून उठल्यासारखी बोलायची.

अशात तिला सुगंधी तेलांच्या एका ऑनलाइन कोर्सचा पत्ता लागला. महिनाभरात घराचा नूर पालटला. ती पहाटे उठून झाडांची नावं पाठ करू लागली. वाळा, निलगिरी, लवंग, लव्हेंडर अशा तपकिरी बाटल्या शोकेसमध्ये ओळीने उभ्या राहिल्या. आणि प्रयोगाला माणूस घरातच होता. उदयचा पारा चढायला काही लागत नसे. ऑफिसातलं भांडण तो घरी घेऊन यायचा आणि पंख्याच्या आवाजावरूनसुद्धा ओरडायचा.

"इथे बस. डोळे मिट," पहिल्या संध्याकाळी सुजाता म्हणाली. तिने बदामतेलात लव्हेंडरचे तीन थेंब मिसळले, त्याच्या मनगटांवर चोळले, मग कानांमागे, मग मानेवर. "आता हळूहळू श्वास घे. सोड. कसं वाटतंय?"

उदयला कोमट, बुळबुळीत बोटं जाणवली. दुसरं काहीही नाही. त्याने डोळे उघडले तर तिचा चेहरा अगदी जवळ होता, निकालाची वाट बघणाऱ्या मुलीसारखा.

"छान," तो म्हणाला. "शांत वाटतंय."

हे खोटं होतं. पण त्या रात्री त्याला झोप लागली ती थेट सकाळी साडेसहापर्यंत. पंधरा दिवसांनी त्याच्या ध्यानात आलं, की आपण बऱ्याच दिवसांत कुणावर ओरडलो नाही. आता हे काय, ते त्याला समजेना. नाकाला कळत नसेल, पण कातडीतून रक्ताला कळत असेल, असं त्याने मनाशी जुळवलं. मग एका शनिवारी सुजाता बाजारात गेल्यावर त्याने स्वतःच बाटली काढली, तसेच तीन थेंब घेतले, तस्सेच चोळले, वीस मिनिटं बसला. काही झालं नाही. उलट बाटलीचं झाकण नीट बसेना म्हणून तो चिडला. पुढल्या आठवड्यात सुजाता एकदा गजरा माळतामाळता म्हणाली, "अरे, काल लव्हेंडर संपलंच होतं. नुसतंच बदामतेल लावलं मी तुला." आणि काल तर तो खुर्चीतच पेंगला होता!

म्हणजे कातडीही नाही, रक्तही नाही. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण तोवर सुजाताकडे रविवारी चार-पाच बायका शिकायला येऊ लागल्या होत्या आणि ती प्रत्येकीला सांगत होती, "आमच्या उदयचंच बघा ना." ती हे सांगताना ताठ बसायची. तिचं ते बसणं मोडायचं त्याच्या जिवावर येई.

या बायकांमध्ये खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण कुसुमताई होत्या. सत्तरीच्या, एकट्या, जन्म इथल्याच मलकपेठेतला. त्यांचे आजोबा नांदेडकडून निजामाच्या काळात इथे आले, तेव्हापासून त्यांच्या घराण्याच्या मराठीत दखनी उर्दू मुरलेली.

जूनमधल्या एका सकाळी उदय ऑफिसला निघाला, तर कुसुमताई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कठडा धरून बसलेल्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम.

"काय झालं हो?"

"काय नाही. जरा चक्कर. सगळं फिरून राहिलंय."

"बीपीची गोळी घेतली का?"

"गोळ्या बंद केल्या की. तीन हफ्ते झाले." त्यांनी डोळे मिटले. "म्हटलं, उदयरावांसारखा तापट माणूस तेलानं गार झाला, तर माझं बीपी काय चीज आहे? उशीवर टाकते रोज."

 उदयने सुजाताला हाक मारली, दोघांनी मिळून त्यांना रिक्षात घातलं आणि चिक्कडपल्लीतल्या त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. वरचा आकडा दोनशेच्या घरात गेला होता. डॉक्टरांनी गोळी दिली, आतल्या खाटेवर झोपवून ठेवलं आणि गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून थांबवल्या, असं दरडावून विचारलं. कुसुमताईंनी वर छताकडे बघितलं. सुजाताचा चेहरा उतरला.

"मी गोळ्या बंद करा असं कधीच म्हणाले नव्हते," डॉक्टर बाहेर गेल्यावर ती पुटपुटली. "मी फक्त उदयचं सांगितलं."

"मला वास येत नाही," उदय म्हणाला.

दोघी त्याच्याकडे बघू लागल्या.

"जानेवारीतल्या तापापासून. कसलाच येत नाही. तेलांचाही नाही. पहिल्या दिवशी मी तुला खोटंच सांगितलं, सुजाता."

 सुजाताने अगदी हळू विचारलं, "आणि झोप? तेही खोटं?"

"नाही. झोप खरी."

"ऑफिसात भांडत नाहीस ते?"

"तेही खरं."

"मग ते कशानं?"

"मला माहीत नाही," उदय म्हणाला, आणि ते इतकं खरं होतं की त्याला स्वतःचाच राग आला.

कुसुमताई खाटेवर कुशीला वळल्या. "ठहरा जरा. मला वास बराबर येतो, तर माझं बीपी उतरलं नाही. तुम्हाला वास येत नाही, तर तुम्ही बर्फासारखे गार. हे कसलं औषध हो, बाई?"



सुजाताने त्याच संध्याकाळी रविवारच्या बायकांना फोन करून वर्ग बंद केल्याचं कळवलं. बाटल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरल्या. उदयशी ती भांडली नाही. भांडली असती तर बरं, असं त्याला वाटत राहिलं. जेवताना मात्र एकदाच म्हणाली, "पाच महिने, उदय. माझ्या हातच्या जेवणाला तू रोज मस्त म्हणत होतास."

"चव थोडी लागते," तो म्हणाला.

पुढचे चार दिवस त्याला धड झोप लागली नाही. चौथ्या दिवशी मीटिंगमध्ये तो एका नव्या मुलीवर इतका ओरडला, की नंतर जाऊन त्याला तिची माफी मागावी लागली. घरी आल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"आज लावशील का तेल?"

"कशाला? तुला कळतं तरी का काय लावलं ते?"

"नाही कळत. तरी लाव."

ती त्याच्याकडे वळली. ही थट्टा आहे, दया आहे, की आणखी एक खोटं, हे तिला ठरवता येत नव्हतं, आणि खरं म्हणजे त्यालाही. शेवटी तिने ओट्यावरचं गोडेतेलच बोटांना घेतलं आणि त्याच्या मनगटाला चोळलं. तेल जरा जास्तच झालं होतं.  थोड्या वेळाने त्याचे खांदे खाली आले, ते तिला दिसलं. तिने हात धुतले आणि म्हणाली, "उद्या नाकाच्या डॉक्टरांकडे जायचं. मी येणार आहे."

डॉक्टर तेलुगू बाई होत्या, घाईत होत्या. तपासून त्या म्हणाल्या, की अशा तापानंतर पुष्कळांचं असं होतं. नाकाला पुन्हा शिकवावं लागतं. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, हे चार वास दिवसातून दोनदा घ्यायचे, काही महिने, आणि काय वाटलं ते लिहून ठेवायचं. येईलच अशी खात्री नाही. अधूनमधून भलतेच वास आले तर घाबरायचं नाही. ते चांगलंच लक्षण. "ही तेलं मिळतील ना तुम्हाला?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. सुजाताने मान डोलावली, आणि तिला हसू आलं की रडू, ते उदयला समजलं नाही.

खोकं पुन्हा उघडलं गेलं. रोज सकाळी ऑफिसच्या आधी आणि संध्याकाळी चहाच्या आधी ती एकेक बाटली त्याच्या नाकाशी धरू लागली. जुलै गेला. ऑगस्ट गेला. खाली कुसुमताई गोळ्या घेत होत्या आणि येताजाता विचारत, "आला का वास?" तो मान हलवून नाही म्हणे.

गणपतीच्या आदल्या रविवारी तिसऱ्या बाटलीला उदयने मान झटकली.

"काय आहे हे? शी! सडलेला कांदा!"

सुजाताने बाटली फिरवून पाहिली. "गुलाब आहे."

"गुलाब? अगं, जळकं रबर आहे त्यात. घे ते बाजूला!" त्याला मळमळत होतं, आणि डोळ्यांत पाणी आलं होतं ते मळमळीने की कशाने, हे सांगता आलं नसतं. आठ महिन्यांनी नाकात काहीतरी शिरलं होतं आणि ते हे!

सुजाताने वही ओढली आणि लिहिलं: गुलाब, सडका कांदा, जळकं रबर. मग पेन तसंच धरून विचारलं, "आणि मनाला कसं वाटतंय? खरं सांग. छान म्हणू नकोस."

उदयने विचार केला. आनंद होता, किळस होती. आता आयुष्यभर गुलाब असाच येणार की काय, ही धास्तीही होती.

"काही कळत नाही," तो म्हणाला.

तिने तेही लिहून घेतलं, आणि लिंबाच्या बाटलीचं झाकण उघडलं.