खालून वर येणारा शब्द

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. शब्दाचा अर्थ तर मी सांगतोच, तो कुठून आला हेही सांगतो. पारशिवनीच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या मनोहरराव सरांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी मला विकत घेतलं. त्यांच्या काखेतून मी रोज वर्गात जायचो. उघडून उघडून माझी पाठ उसवली, तेव्हा त्यांच्या पत्नी देवकीबाईंनी ती मागावरच्या पक्क्या दोऱ्यानं शिवून दिली. विणकराच्या घरची लेक ती!

शाळेची स्मरणिका निघायची, तिला सगळे ‘सुव्हनीर’ म्हणत. ती वाटताना सर मला उघडून पोरांना सांगायचे, हा शब्द फ्रेंचांकडून आला, त्याच्या मुळाशी लॅटिन आहे, आणि तिथे त्याचा अर्थ होतो खालून वर येणं. आठवण विहिरीतल्या झऱ्यासारखी आपली आपण वर येते, तिला ओढून काढता येत नाही. तेव्हा मला केवढा अभिमान वाटायचा!

निवृत्तीनंतर आम्ही हुडकेश्वरला राहायला आलो. मुलगा जितेंद्र नोकरीसाठी बंगळुरूला गेला. आणि सर विसरू लागले. आधी चष्मा, मग घराची गल्ली, मग माणसं. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. तरी देवकीबाई उठता-बसता विचारायच्या, "मले ओळखलं काय?" सर घाबरून खाली बघायचे.

गेल्या महिन्यात जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेचं सुव्हनीर पाठवलं. त्यातला स्वतःचा फोटो सरांनी परक्यासारखा पाहिला. बाईंच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी कपाटातून मला काढून सरांच्या मांडीवर ठेवलं. सरांच्या बोटांनी नेमकं पान काढलं.

"सुव्हनीर," ते वर्गातल्यासारखे म्हणाले, "म्हणजे खालून वर येणारं."

बाई त्यांच्यापुढे वाकल्या. "आन् मी कोण?"

सर अदबीनं बाजूला सरकले. "बसा बाई. तुम्ही कोणाच्या आई?"

माझ्या पोटात हजारो शब्द, मित्रांनो. त्यातला एकही मला त्यांच्या ओठांवर ठेवता आला नाही.

बाई त्यांच्या शेजारी टेकल्या. मग म्हणाल्या, "जितेंद्रची."

"हुशार आहे पोरगा. घरी कोणी लक्ष देते काय त्याच्याकडे?"

"त्याचे बाबा देतात न. खूप लक्ष देतात."

सरांना बरं वाटलं.

त्या दिवसापासून बाईंनी ओळख विचारणं सोडलं. दुपारी त्या जितेंद्रची आई होऊन शेजारी बसतात, आणि सर त्यांना पोराच्या अभ्यासाचं समजावून सांगतात. मला आता कोणी उघडत नाही, त्याची तक्रार नाही. मागणं एवढंच आहे. घरातलं कोणी तुम्हाला विसरलं, तर त्याची परीक्षा घेऊ नका. तो ज्या नात्यानं बस म्हणेल, त्या नात्यानं त्याच्याजवळ बसा.