शिळं पाणी

मी एक जुना, पिवळा कॅन आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. आधी माझ्या पोटात तेल होतं. तेल संपलं तेव्हा जालन्याच्या शैलाताईंनी मला साबणाच्या पाण्यानं खळखळून धुतलं आणि पिण्याच्या पाण्याला लावलं. त्या घरात तेव्हापासून माझा काय थाट होता म्हणून सांगू!

आमच्याकडे नळ रोज येत नाही, आठ-दहा दिवसांनी येतो. आला की गल्लीभर एकच गलका. "गंधाली, नळ आला गं! जल्दी शिळं ओत, ताजं भर!" शैलाताई ओरडायच्या आणि त्यांची लेक मला धावत नेऊन अंगणात उपडं करायची. साठवलेलं ते शिळं, नळाचं ते ताजं, हा घरचा कायदाच होता.

हीच गंधाली मोठी झाली आणि चक्क शिडाच्या नौकेवर गेली. महासागर ओलांडायची शर्यत होती. "इथं नदीला पाणी न्हाई अन् ही समुद्रात चालली," असं म्हणत शैलाताईंनी मला तिच्या सामानात कोंबलं. "घरचा कॅन आहे, गळत न्हाई. राहू दे."

नौकेवर माझी भारी हेटाळणी झाली. शर्यतीत चमच्याचंसुद्धा ओझं वाटतं, तिथं मला कोण विचारतो! पण कप्तान मोनाली म्हणाली, "असू दे, अडीनडीला होईल." तिनंच मला काठोकाठ भरून कोपऱ्यात बांधलं. तिचं ते बोलणं मी अजून जपून ठेवलंय.

अडीनड आलीच. भर समुद्रात खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र बंद पडलं, टाकीतही खारं पाणी शिरलं. त्यात मोनालीला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. किनारा फार लांब होता. उरलो मी एकटा. गंधाली धरून बाकीचे तिघं नुसते ओठ ओले करायचे आणि घोट मोनालीला द्यायचे.

"पुरेल ना गं?" ती विचारायची.

"बिलकुल पुरेल," गंधाली म्हणायची.

मग एका दुपारी धो धो पाऊस आला. शिडावरून धारा लागल्या. बाकीचे दोघं शिडाशी झटत होते. गंधालीनं मला उचललं, झाकण काढलं आणि काय सांगू मित्रांनो, हाताची सवय! नळच आला होता ना! तिनं मला उपडं केलं. होतं नव्हतं ते सगळं समुद्रात गेलं. मग शिडाखाली धरून तिनं मला भरलं आणि आनंदानं मोनालीकडे नेलं.

मोनालीनं घोट घेतला आणि थुंकून टाकला. शिडावर लाटांचं मीठ साचलं होतं, ते सगळं धुऊन माझ्या पोटात आलं होतं. गंधाली मला रिकामं करून पुन्हा वर धावली. तोवर पाऊस पुढे निघून गेला होता. "आई गं, हे काय करून बसले मी!" असं म्हणून ती तिथंच बसली.

शर्यत सोडावी लागली. मदतीची हाक ऐकून वळलेलं मालवाहू जहाज पोचलं तेव्हा मोनाली बेशुद्ध होती. जीव वाचला, पण किडन्या कायमच्या अधू झाल्या. तिनं गंधालीला एका शब्दानं दोष दिला नाही. तेच गंधालीला सोसवत नाही.

मी आता अंगणाच्या कोपऱ्यात पडून असतो. उन्हानं तडकलोय, गळतो. गंधाली माझ्याकडे बघत नाही.

मागे एकदा मोनाली घरी आली. शैलाताईंनी पेला पुढे केला. "घे बाई, आत्ताच भरलंय, ताजं आहे."

"काकू, डॉक्टरांनी मला मोजूनच पाणी सांगितलंय." तिनं दोन घोट घेतले आणि पेल्यावर ताटली झाकली. "उरलेलं ओतू नका हं. संध्याकाळी पिईन."

"अगं, शिळं होईल की," शैलाताई सवयीनं बोलून गेल्या आणि मग त्यांनी पदर तोंडाला लावला. गंधाली उठून आत गेली.

तेव्हापासून नळ आला तरी आमच्या घरातून हाक येत नाही. मित्रांनो, मला भंगारात टाकलंत तरी चालेल. पण नवं पाणी चाखल्याशिवाय जुनं ओतू नका.